चौदा नंबरच्या लेकी

गाय माजावर आली होती आणि घरात कुणालाच बसवत नव्हतं. सकाळी सहापासून तिचं हंबरणं चालू. दादा तिसऱ्यांदा गोठ्यात जाऊन आला आणि म्हणाला, "चार वाजता डॉक्टर येतोय. चौदा नंबरचीच कांडी भरायची."

चौदा नंबर म्हणजे पैदास केंद्रातला वळू. त्याच्या लेकी बादल्या भरभरून दूध देतात, म्हणून त्याच्या वीर्याच्या कांड्यांसाठी गोठेवाले डॉक्टरच्या मागे हात धुऊन लागलेले. दादाची धाकटी बहीण त्याच केंद्रात नोंदी ठेवायची. वळूंच्या यादीत चौदा नंबरला पहिला बसवणारी तीच.

"त्याच्या तीन लेकींची धार काढलीय मी," वहिनी म्हणाली. "तिघींची कास दुसऱ्या वेताला दगडासारखी झाली. सडातून गुठळ्या. हात लावला की लाथ. विकून मोकळे झालात तुम्ही. लाथा कुणी खाल्ल्या?"

"गोठा ओला ठेवलास तर कास सुजणारच की."

"असं? मग बाजूची म्हातारी गाय त्याच ओलीत आठ वेतं धडधाकट कशी राहिली? तिला काय छत्री दिली होती?"

बहिणीला राहवलं नाही. "वहिनी, कागद बघ जरा. त्याच्या बासष्ट लेकींत फक्त चौघींना कासेचा आजार आहे."

"त्या बासष्टांत आपल्या तिघी आहेत का, वन्सं?"

प्रश्न साधा होता. चपला अडकवून बहीण केंद्रात गेली, गाईंच्या कार्डांची पेटी उपसली. तिघी नव्हत्याच. असणार कशा? गाय विकली की तिचं कार्ड पेटीतून काढून टाकायचं, नाहीतर अर्ध्यावर तुटलेल्या वेतामुळे दुधाची सरासरी खाली येते, असा इथला नियम. आठ वर्षं ती तो इमानदारीने पाळत होती. काढलेली कार्डं कपाटामागच्या खोक्यात पडलेली. ती जमिनीवर फतकल मारून बसली. चौदा नंबरच्या छत्तीस लेकी निघाल्या. प्रत्येकीवर तिच्याच अक्षरात एक शब्द : विकली.

का विकली, हे लिहायला रकानाच नव्हता.

तिने फोन लावायला घेतले. वीस जणांनी उचलला. सोळा जणांनी एकच सांगितलं : कास. एक म्हातारा तर भडकला. "तीन वर्षांनी विचारताय होय? झोपला होता काय?"

झोपलेच होते. आजारी पडली म्हणून विकली, विकली म्हणून यादीतून काढली, आणि यादीतून काढली म्हणून तिचा बाप ठणठणीत! गाईच्या सडांची राख झाली आणि कागद मात्र दुधासारखा पांढरा.

केंद्राच्या साहेबांसमोर तिने खोकं आपटलं. त्यांनी चहा संपवला. "ताई, असा वळू तयार व्हायला सात वर्षं लागतात. खोक्यातल्या रद्दीसाठी तो बाद करू?"

"ही रद्दी मीच केलीय, साहेब. म्हणून मीच सांगतेय."

"पुढच्या महिन्यात बैठकीत बघू."

तिने घड्याळ पाहिलं. पावणेचार. ती धावत सुटली.

गोठ्यात डॉक्टर खांद्यापर्यंत हातमोजा चढवून उभा होता. कोमट पाण्यात गोठवलेली कांडी वितळत होती.

"थांबा!"

"ताई, वितळलेली कांडी परत गोठत नाही," डॉक्टर म्हणाला. "दोन मिनिटांत काय ते बोला."

"दादा, यादी खोटी आहे. मी केलेली यादी खोटी आहे."

दादाचा चेहरा लाल झाला. "तुझ्या शब्दावर तीन गाई भरल्या मी! गोठा ओला म्हणून हिला बोल लावले. आणि आज तू मला..." त्याने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने काही त्याची सोडवणूक केली नाही.

"काढ ती कांडी," तो डॉक्टरवर खेकसला. "दुसरा कुठला आहे?"

"नऊ नंबर. दूध बेताचं. पण त्याच्या लेकी म्हाताऱ्या झालेल्या पाहिल्यात मी."

"तोच भर."

नऊ नंबरची कांडी गेली. डॉक्टरने हात धुतले, वही उघडली. "चला, चौदा नंबरची अजून पाच घरं आहेत आज."

ती त्याच्या मोटरसायकलवर मागे जाऊन बसली.

"अहो ताई, लोक तुम्हालाच शिव्या घालतील."

"घालू दे. गाडी काढा. माज कुणासाठी थांबत नाही."