वाघजाईचा उजवा कौल

आमचा पंचायत समितीचा गण बायकांसाठी राखीव झाला आणि ह्यांनी माझं नाव दिलं. चार माणसांत बोलायची मला सवय नाही, पण हे म्हणाले, "तुला बोलायचंय काय? बोलायला भाऊ आहेत."

भाऊ म्हणजे बाळाजीभाऊ, आमच्या तालुक्याचे पुढारी. मागच्या खेपेला त्यांची दोन माणसं निवडून येऊन पलीकडे गेली, म्हणून या वेळी त्यांनी आम्हा सगळ्या उमेदवारांना वाघजाईच्या देवळात नेलं. हातात नारळ दिला आणि पक्ष सोडणार नाही, असं देवीसमोर वदवून घेतलं. बाकीचे नारळ ठेवून चहाला गेले. मी पळीभर पाणी सोडून, संकल्प करावा तसं बोलले. मला दुसरी रीत येत नाही. सोमवार धरला तर धरला, चातुर्मासात कांदा सोडला तर सोडला.

आम्ही निवडून आलो, आणि सभापतीची निवड तोंडावर असताना भाऊच मुंबईला जाऊन पलीकडे गेले. टीव्हीवर दिसले, गळ्यात नवा शेला.

"आता आपणही तिकडेच," हे जेवताना म्हणाले.

"आणि नारळ?"

"तो भाऊंनीच दिला होता ना? आता भाऊच सांगतायत."

"भाऊंनी नारळ हातात दिला. शब्द मी देवीला दिला."

हे बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "सलिलला कायम करायचं भाऊंच्या हातात आहे गं."

सलिल आमचा मुलगा. भाऊंच्या संस्थेच्या शाळेत शिकवतो.

भाऊ स्वतः घरी आले. रागावले नाहीत. "वहिनी, तुमच्या श्रद्धेचा मान आहे. देवीलाच कौल लावू. तिनं डावा दिला तर मी पुढे एक अक्षर बोलणार नाही."

मला खरंच हलकं वाटलं. तिच्यावर सोपवलं की माझं काही उरत नव्हतं. त्या दिवशी मी निर्जळी धरली.

दादू गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवीने शब्दातून मोकळं केलं, डावी पडली तर नाही. त्याने गाऱ्हाणं घातलं. थोड्या वेळाने डावी पडली. माझे डोळे भरून आले.

"दादू, तू विचारलंस चुकीचं," भाऊ म्हणाले. "वहिनी पक्ष सोडतायत कुठे? खरा पक्ष आता आपलाच. तसं विचार."

"बरं भाऊ."

परत डावी.

"देवी विरोधी पक्षात हाय वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले, भाऊही हसले.

तिसऱ्या वेळी दादूने डावी कळी दाबून बसवली आणि उजवी नुसती टेकवली. पाणीसुद्धा लावलं नाही. मी समोरच उभी होते.

"काय उकडतंय! पंखा लावा रे," भाऊ म्हणाले. तो पंखाही त्यांनीच देवळाला दिलेला.

उजवी पडली. जयजयकारात ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

प्रसाद देताना दादू मान वर न करता पुटपुटला, "वैनी, रागवू नका. देवळाचे ट्रस्टी भाऊच हायत. मी जाणार कुठं?"

हा कौल नाही, असं मला म्हणायचं होतं. तोंड उघडलंही. पण दाराशी सलिल उभा होता, शाळेतून अर्धी रजा टाकून आलेला. त्याने हात जोडले होते आणि तो देवीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मी प्रसाद तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी म्हसळ्याला पंचायत समितीत सभापती निवडायची सभा झाली. भाऊंच्या उमेदवाराच्या बाजूने हात वर करायचे होते. माझा खांद्यापर्यंतच गेला.

"ताई, हात दिसत नाहीये," अधिकारी म्हणाले.

शेजारी बसलेल्या, आमच्यातच निवडून आलेल्या सुचिताने हसत माझं कोपर धरलं आणि वर उचललं.

"आता दिसला," ते म्हणाले, आणि पुढचे हात मोजायला लागले.