ज्येष्ठमधाने आराम पडतो

मी ज्येष्ठमधाची एक जुनी काडी आहे. दिसायला सरपण, चवीला साखर. मित्रांनो, जमिनीखाली मी मुळाच्या रूपात निवांत वाढत होते. मला खणून काढले, उन्हात वाळवले आणि काष्ठौषधींच्या दुकानातून भावंडांसह या स्वयंपाकघरातल्या बरणीत आणून ठेवले.

सुरुवातीला आमचा काय थाट होता! आजी आमचा काढा करायची, चहात तुकडा टाकायची, कोणाचे तोंड आले की उगाळून लावायची. सून आमची पूड दुधात कालवून चेहऱ्याला फासायची. नात तर आम्हाला खाऊच समजायची. तरी म्हणीत मान मिळाला तो सुंठीला! सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, माझे नाव कोणी काढत नाही. असो.

सून बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. माइकसमोर बसताना आमच्यातली एक काडी तिच्या गालात असायची. एकदा तिचा आवाज बसला तो सुटेचना. गंमत अशी, की त्या घोगरेपणाचे कौतुकच झाले. "साहेब म्हणाले, आता कसा भारदस्त वाटतो आवाज!" असे ती घरी येऊन हसत सांगायची.

"आई, डॉक्टरांना दाखव ना गं," तिची लेक, म्हणजे आजीची नात, म्हणायची.

"ते म्हणतील बोलू नका. मग माइकवर दुसरी बसेल. ज्येष्ठमधाने पडतोय की आराम."

आजीही म्हणायची, "घशाचं काय एवढं? होईल बरं."

आराम पडत होता हे खरे. मला तेवढेच जमते. आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात, हा मुंगीच्या पावलांनी आला आणि तिने तो अंगावर काढला. माझी भावंडे एकेक करून संपत गेली. मी नुसती बघत राहिले.

पाण्याचा घोटही उतरेना तेव्हा ती दवाखान्यात गेली. स्वरयंत्रात गाठ होती. जीव वाचवायला स्वरयंत्रच काढावे लागले. डॉक्टर काय म्हणाले ते आजीने घरी सांगितले, "ज्येष्ठमधाने आराम पडतो आजी, म्हणूनच उशीर होतो."

आता सून घरीच असते. लिहायला पाटी आणली आहे, पण ती हातात घेत नाही. लेकीला बोलवायचे तर ओट्यावर चमचा वाजवते. लेक धावत येते. "पाणी हवंय? पंखा लावू? दुखतंय का?" आई मान हलवत राहते. कधी कधी नेमका प्रश्न लेकीला सापडतच नाही.

मित्रांनो, मला खुशाल चघळा, माझा काढा प्या. पण बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही, तर माझ्या गोडीवर जाऊ नका, डॉक्टर गाठा. या घराला हे सांगून आता काही उपयोग नाही. इथे मला कोणी हात लावत नाही. आजी फडताळ उघडते, मी दिसले की तिला रडू येते, आणि ती बरणी आणखी मागे सरकवते.