आधी शेपटी

टाकाला दौत लागायची आणि छापायच्या चित्राला जस्ताचा ब्लॉक, त्या दिवसांतली ही गोष्ट. मुलांच्या एका मासिकात एक चित्रकार बाई होती, ती दर अंकाला पानभर चित्रकथा काढायची. त्या पानावर माणूस औषधालाही सापडत नसे. पोस्टमन कासव, डॉक्टर घुबड आणि नायिका कोण, तर शिवणकाम करणारी एक कोल्हीण, झग्याखालून झुपकेदार शेपटी बाहेर आलेली. कचेरीत तिचं नावच पडलं होतं ‘शेपटीबाई’. तिला ते आवडायचं.

“प्राण्यांचंच एवढं वेड का हो?” कुणी विचारलं की म्हणायची, “आवड आहे. आवडीला कारण विचारू नये.”

पण कारण होतं. तिच्या लहानपणी घरातली मोठी माणसं तोंडावर गोड बोलायची आणि मनातलं मनात ठेवायची. घरात खरं बोलायची ती एक मांजर, तीही शेपटीने. तोंड काहीही म्हणो, शेपटीला खोटं बोलता येत नाही, हे पोरीला तेव्हाच कळलं. म्हणून कागदावर ती आधी शेपटी काढायची, मग अंग आणि तोंड अगदी शेवटी.

मग नवे संपादक आले. कडक इस्त्रीचे, त्याहून कडक मतांचे.

“बाई, हे प्राणिसंग्रहालय पुरे झालं. पुढच्या अंकापासून माणसं हवीत.”

“आणि कोल्हीण?”

“कोल्हीण जंगलात. जमत नसेल तर पान बंद. तुम्ही कवितांभोवती वेलबुट्टी काढत बसा.”

पान गेलं तर तिचं असं काय उरणार होतं? तिने मुकाट्याने माणसं काढली. गोष्ट जुनीच ठेवली. गिऱ्हाईक कोटात एकेक खोड काढतं आणि शिंपीण दर वेळी हसून म्हणते, “छे हो, मी कुठे रागावले?” आधी या वाक्यामागे शेपटी फुलत जायची, तीच तर गंमत होती. आता शिंपीण नाकीडोळी नीटस झाली आणि पान पिळलेल्या फडक्यासारखं निर्जीव.

पान छपाईला गेलं. पहिला कागद हातात घेताच मशीनवाले मामा पोट धरून हसायला लागले. बाकीचे धावले, तेही हसले. हसण्याचा आवाज ऐकून ती जिना उतरून आली आणि तिने कागद ओढून घेतला. हाताच्या सवयीने तिने सगळ्या चित्रांत आधी शेपटीच काढली होती. मग पांढऱ्या रंगाने एकेक पुसली होती. शेवटच्या चित्रातली मात्र तशीच राहिली! भल्या घरच्या शिंपिणीच्या झग्याखालून ती बाटली धुवायच्या ब्रशसारखी ताठ उभी होती. संपादकांनी पान तपासलं होतं, पण ते तोंडंच तेवढी बघत बसले होते.

तेवढ्यात तेही खाली आले.

“मामा, छिन्नी घ्या. ब्लॉकवरून उडवा ती शेपटी.”

मामांनी छिन्नी उचलली. तिने ब्लॉकवर तळहात ठेवला.

“साहेब, शेपटी राहिली ही माझी चूक. पण ही मंडळी हसली कशाला? वरच्या चित्रांत माणसंच माणसं आहेत. तिथे कुणी हसलं का?”

“वर तर मी जांभई दिली, साहेब,” मामा म्हणाले.

संपादकांचे कान लाल झाले. तरी ओठ ताणून हसत ते म्हणाले, “छे हो, मी कुठे रागावलोय?”

मामांची नजर हळूच संपादकांच्या कोटामागे गेली. तिची गेली, सगळ्यांचीच गेली. आणि संपादकांचाही हात, नकळत, मागे जाऊन चाचपून आला.

मग जे हसू फुटलं, त्याने शेजारच्या मशीनचा आवाज बुडाला. सगळ्यांत मोठ्याने हसत होते ते संपादक, डोळे पुसत पुसत.

“उतरवा तो ब्लॉक,” ते म्हणाले. “बाई, जंगलातून बोलवा तुमच्या कोल्हिणीला. कासव, घुबड, सगळ्यांना!”

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. खिडकीशी बसून तिने कोरा कागद ताणला आणि एका दमात कोल्हीण उभी केली, शेपटी चौकटीबाहेर जाईल एवढी मोठी.

थोड्या वेळाने संपादक टेबलाशी येऊन घुटमळले.

“पुढच्या गोष्टीत एखादा संपादक घाला, हवं तर.”

“कोणता प्राणी करू?”

“ती तुमची आवड. फक्त शेपटी...” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, “जरा झुपकेदार काढा.”

तिने टाक शाईत बुडवला. त्यांची शेपटी तिने केव्हाच काढून ठेवली होती.