‘उरले’च्या रकान्यातलं रिकामं घर

तारीख १९ जानेवारी. हवा : पहाटे धुकं, उशिरा फिटलं, मग ऊन आलं, पण अंगाला लागलं नाही.

हे वाक्य माझं नाही, आत्याचं. मी ते फक्त सांभाळून ठेवलंय. मी एका बेकरीची हिशेबाची शीट बोलतेय. माझी घडी घालता येत नाही, माझ्यावर चहा सांडत नाही. मी राहते कुठल्यातरी दूरच्या यंत्रात, आणि ज्यांच्याकडे माझी लिंक आहे त्यांना फोनवर, संगणकावर दिसते. तिघांनी एकाच वेळी उघडलं तरी तिघांना पुरते.

मला भाच्याने जन्माला घातलं. आत्याचा भाचा म्हणून भाचा; भट्टीवर उभे असतात ते दादा, त्याचे वडील. आत्या म्हणजे दादांची धाकटी बहीण. पुलापलीकडचं छोटं दुकान ती एकटी चालवते. त्याचा गल्ला तिचाच. दादांनी त्यात कधी डोकावलं नाही. भट्टीने फक्त पाव द्यायचे. पहाटे गाडीवाला क्रेट दुकानामागे ठेवून जातो, आणि विकले न गेलेल्या पावांचे टोस्ट आत्या तिथेच करते.

भट्टीचे पाव घेणाऱ्या प्रत्येक दुकानाचं माझ्यात एक पान. आत्याच्या पानावर रकाने चार : तारीख, हवा, पाठवले, उरले. ‘पाठवले’ दादा भरतात, ‘हवा’ आणि ‘उरले’ आत्या. ‘हवा’ हा दादांचा हट्ट. पावसात पाव कमी खपतो की जास्त, यावर त्यांचं आयुष्यभर स्वतःशीच भांडण चाललंय.

आत्या पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा एका बोटाने आली.

“अरे, चुकून पुसलं गेलं तर?”

“परत आणता येतं, आत्या. ही काही विसरत नाही.”

“मग माझ्यापेक्षा बरी म्हणायची.”

पुढे तिचा हात बसला, आणि ‘हवा’ लांबत गेली.

“आत्या, एका शब्दात लिही ना. ऊन, ढग, पाऊस.”

“हवा काय एका शब्दात मावते होय?”

भाचा हसला. पण त्या वाक्यांनी माझा अर्धा पडदा खायला सुरुवात केली, तेव्हा त्याने तो रकाना लपवून टाकला. पुसला नाही, नुसता लपवला. आत्याच्या फोनवर मात्र तो दिसत राहील अशी सोय त्याने करून दिली, आणि ती लिहीत राहिली.

मग एका मोठ्या खानावळीची मागणी आली. रोज सकाळी पाव हवे. भट्टी तेवढीच, कारागीर तेवढेच. कुणाचे तरी पाव कमी करावे लागणार होते. भाच्याने मला कामाला लावलं : दुकानागणिक महिन्याची विक्री काढ, ‘उरले’चं घर रिकामं असेल, तर त्या दिवशी दुकान बंद धर.

सांगितलं तसं मी केलं. शंका विचारायला मला तोंड नाही. आत्याच्या दुकानासमोर जवळजवळ अर्धा महिना ‘बंद’ उमटला.

भाच्याने ‘बंद’चे दिवस पुन्हा मोजले. दादा हातांचं पीठ झटकत मागे येऊन उभे राहिले. संगणकासमोर बोललेलं मला ऐकू येतं, असं समजा.

“दादा, आत्याला झेपत नाहीये बहुतेक. पाव सगळे टोस्टात जात असणार.”

“गुडघे धरलेत तिचे. विचारलं तर म्हणेल, ठणठणीत आहे.”

“मी विचारू?”

“नको. तिला लागेल. दुकान आवरून घेऊ हळूच. म्हणावं, आता इकडे ये, बसल्या जागी काम बघ.”

दोघांच्याही मनात माया होती. माया होती म्हणून तर कुणी विचारलं नाही.

भाच्याने माझ्यातच एक नवीन पान उघडलं : ‘पुलापलीकडचं दुकान आवरणे’. मी सगळ्यांची शीट आहे, हे तो घाईत विसरला. संध्याकाळी आत्या ‘उरले’ भरायला आली आणि तिचं बोट त्या पानावर पडलं. तिने ते वरपासून खालपर्यंत वाचलं. काही लिहिलं नाही, फोन केला नाही. आपल्या पानावर परत आली आणि ‘हवा’मध्ये लिहिलं : मळभ. त्या दिवशी तिची हवा एका शब्दात मावली.

चार दिवस ती एकेकच शब्द लिहीत होती, आणि मी काही करू शकत नव्हते. पाचव्या संध्याकाळी भाचा माझ्यात काम करत होता आणि आत्याही आली. दोघे एकत्र आले की मी प्रत्येकाला एक रंगीत चौकट देते. त्याची निळी, तिची तांबडी. तांबडी चौकट ‘उरले’वर आली, क्षणभर थांबली, आणि घर रिकामं ठेवून निघाली. भाच्याने ते पाहिलं. त्या घराला त्याने टिपण जोडलं.

“आत्या, आज दुकान उघडलं नव्हतं का?”

“न उघडायला काय झालं? दुपारीच सगळं संपलं.”

“मग ‘उरले’ भरलं नाहीस.”

“उरलं असतं तर लिहिलं असतं. काही उरलंच नाही, तर काय लिहू, कपाळ?”

मग भाच्याने लपवलेली ‘हवा’ उघडली. मी ज्या ज्या दिवसांना ‘बंद’ म्हटलं होतं, त्या प्रत्येक दिवशी ती हजर होती : ‘दुकानाच्या पायरीवर ऊन, बाक आत घेतला.’ ‘वारा, दाराला वीट लावली.’

त्याने दादांना हाक मारली. दादांनी वाचलं, खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

“हिला विचारायला हवं होतं रे,” ते म्हणाले. फोन त्यांनीच लावला.

मी अजून तीच आहे. एवढंच मागणं : माझ्यात कुठे रिकामं घर दिसलं, तर मला अर्थ विचारू नका. ते रिकामं सोडणारं माणूस हाकेच्या अंतरावर असतं, त्याला विचारा.

तारीख २ मार्च. हवा : सकाळी गार, दुपारी दुकानासमोरच्या रस्त्यावर झळा, संध्याकाळी पुलावरून वारा. खानावळीचे पाव आता भट्टीच्या दुसऱ्या खेपेत, सकाळी थोडे उशिरा. ‘पुलापलीकडचं दुकान आवरणे’ हे पान काढलं. पाठवले : साठऐवजी ऐंशी. उरले : ०.