घोंगडीच्या बदल्यात

लोकांकडून पैसे जमवायच्या वेबसाइटवरचं त्यांचं पान संध्याकाळी सहाला बंद होणार होतं. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. दीपिकाच्या आईच्या, कासाबाईच्या, हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनसाठी हव्या असलेल्या रकमेपैकी एकाहत्तर टक्के जमले होते, आणि त्यातला एक रुपयाही मिळणार नव्हता.

दीपिकाला हे काल कळलं. महिन्यापूर्वी पालम गावातल्या याच घरात बसून तिने दोन साइट पाहिल्या होत्या. एकीवर उपचारांसाठी फक्त मदत मागायची. दुसरीवर विचारलं होतं, ‘पैसे देणाऱ्याला बदल्यात काय द्याल?’ तिचे वडील येडबा तिथंच अडले. ‘‘हीच बरी. आमी घोंगडी देऊ. फुकटाचं घेत न्हाई.’’ त्यांच्या घरातून शेजारणीचं भांडंसुद्धा कधी रिकामं परत गेलं नव्हतं.

ती साइट नवी वस्तू बाजारात आणणाऱ्यांसाठी होती. मुदतीत पूर्ण रक्कम जमली नाही, तर सगळे पैसे देणाऱ्यांकडे परत. उपचारांच्या साइटवर जमेल तेवढं थेट दवाखान्यात जायचं. दवाखान्याचं पत्र जोडून दीपिकाने तिथं आपल्या नावाने नवं पान केलं. दुपारी ते मंजूर झालं. आता जुन्या पानावर पैसे दिलेल्या एकशे बारा जणांना त्याचा पत्ता कळवायचा होता, तोही सहाच्या आत; पान बंद झालं की तिथून निरोप जाणार नव्हता. पण जुनं खातं येडबांच्या नावावर. ओटीपी त्यांच्या फोनवर येणार, आणि फोन बंडीच्या खिशात.

‘‘आप्पा, ओटीपी आला असंल. सांगा.’’

‘‘बदल्यात काय लिहिलंस?’’

‘‘काई न्हाई. तिथं तसं चालत न्हाई.’’

‘‘मंग ती भीक हाय.’’ ते कातरीला धार लावत राहिले.

ओटीपीची मुदत संपली. तिने दुसरा मागवला. खिशात फोन वाजला.

‘‘सोमवारी भरती व्हायचंय, आप्पा.’’

भिंतीला टेकलेली कासाबाई दोन शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाली, ‘‘एकशे बारा घोंगड्यांची... लोकर कोण कातणार हो? मीच ना?’’

येडबांनी कातर पुन्हा दगडावर घासली.

‘‘का पयली घोंगडी... माझ्यावरच टाकायची हाय?’’

कातर थांबली. पाच बेचाळीस.

येडबांनी फोन काढून डोळ्यांपासून लांब धरला. मेंढ्या मोजाव्यात तसे एकेक आकडे वाचू लागले. ‘‘चार. शून्य. सात.’’ मग थांबले. ‘‘खाली लिही, घोंगडी मिळंल. उशिरानं.’’

‘‘लिहिते. पुढचा?’’

‘‘आदी लिही.’’

‘‘अवो, आकडा सांगा!’’ कासाबाई ओरडली आणि तिला धाप लागली.

येडबांनी उरलेले आकडे सांगितले. पाच एकावन्नला निरोप गेला, खाली घोंगडीच्या ओळीसकट. नव्या पानावर अजून शून्य होतं. येडबांनी बायकोजवळची टकळी उचलली आणि लोकरीचं पोतं पुढे ओढलं.