चांगल्या दिवशीही दहाच

मी एक रबरी पट्टा आहे, पिवळा. व्यायामाच्या पट्ट्यांत पिवळा सगळ्यांत नरम. पण मनानं मी नरम नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मला मोठ्या गुंडाळीतून कापलं आणि एका सुनेच्या हाती दिलं. तिला फायब्रोमायल्जिया. अंगभर ठणका, झोप नाही, आणि रिपोर्ट मात्र सगळे चांगले! घरात तिची चिमी, दीड वर्षाची. हात वर करून "आई, उचल" म्हणायची आणि हिला उचलवत नसे. सासूबाई पोरीला पटकन कडेवर घ्यायच्या. "तिच्याकडे नको जाऊ बाळा, मोडेल ती. कामाचं नाव काढलं की कळ, माहेरचं नाव काढलं की बळ!"

ही चिडली. एका बऱ्या दिवशी तिनं मला पन्नास वेळा ताणलं, वर घरातली सगळी पांघरुणं धुतली. मग चार दिवस अंथरुणात. "झाला व्यायाम!" म्हणत सासूबाईंनी मला कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाला बांधलं. तीन आठवडे मी सडक्या सालींचा वास घेतला. तेव्हाच ठरवलं, या बाईच्या बोटांवर एकदा सणसणीत बसायचंच.

मॅडमच्या शेजारच्या खोलीत मनाचं ऐकून घेणाऱ्या ताई बसतात. ही त्यांच्यापुढे रडली. "मी कामचुकार आहे का हो?"

"नाही. दुखणं खरं आहे. पण सासूला दाखवायला व्यायाम करू नका. वाईट दिवशी पाच, चांगल्या दिवशीही दहाच. आणि मनात काय आलं ते लिहा."

घरी येऊन तिनं मला सोडवलं, साबणानं धुतलं. रोज ताण, मग वहीत चार ओळी. कितीदा कंटाळली, कितीदा हुंदके दिले. पाचव्या महिन्यात तिनं चिमीला उचललं. दुखलं, पण उचललं.

सासूबाई लगेच म्हणाल्या, "झालीस ना बरी? मग उद्यापासून सगळा स्वयंपाक तुझा."

"बरी नाही झाले, आई. अर्धा करीन, मग बसेन."

आवाज चढवला नाही तिनं. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. माझं मात्र तेवढ्यानं समाधान झालं नाही.

आता सासूबाईंचा खांदा आखडलाय. ही मला त्यांच्या हाती देऊन, शेजारी बसून शिकवते, एक टोमणा न मारता. तिला राग सोडायला शिकवणाऱ्या ताई आहेत. मला कोण आहे?

माझ्या कडेला चीर गेली आहे. हिच्या हातात तुटलो तर मांडीवरच्या चिमीला लागेल. तुटायचं ते सासूबाईंच्याच बोटांवर. म्हणून सूनबाई, मला इतक्यात फेकू नकोस. सासूबाईंचा आत्ता सातवा ताण चालू आहे. अजून तीन आहेत.