साकु म्हणणारं माणूस

विजयनगरातल्या घराच्या पोर्चमध्ये चिदंबरराव गाडीच्या इंजिनातली दोन चाकं एका तालात फिरवणारी नवी टायमिंग चेन बसवत होते. पाना फिरवायचा खाली वाकून, आणि चेनवरचे खुणेचे ठिपके जुळायचे वरच्या चाकावरच्या ठिपक्यांशी. वर बघायला पूर्वी त्यांची बायको कृष्णवेणी असायची. ठिपके समोरासमोर आले की ती म्हणायची, "साकु!" पुरे म्हणायला त्यांच्या घरात हाच कानडी शब्द.

ती गेली, तेव्हापासून साकु म्हणणारं कुणी नव्हतं. चहा उतू जायचा, फुलं परडीबाहेर सांडायची.

आज त्यांनी तिचा कुंकवाचा आरसा इंजिनाला टेकवून पाहिला. पण आरशात डावं ते उजवं. चेन एक दात चुकली. हातानं फिरवून बघताना इंजिन मध्येच अडलं. तसंच सुरू केलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते.

शेवटी त्यांनी कुंपणापलीकडे हाक मारली. "शांताक्का, जरा येता का?"

"अय्यो, मला गाडीतलं काय कळतंय?"

"ठिपके जुळले की साकु म्हणा, इतकंच."

त्यांनी चेन सोडवून पुन्हा चढवली आणि वाकून पाना हळूहळू फिरवला.

"साकु!"

हात थांबला. चिदंबरराव वाकलेलेच राहिले.

"काय हो, चुकलं का माझं?"

"नाही हो. अजून दोन फेरे फिरवून बघायचंय. परत म्हणाल?"